सांत्वनाबाईंकडे उतरणारे आशीर्वाद

अमरावतीतल्या त्या ख्रिस्ती मंडळीत 'आपल्याआधी दुसरा' ही शिकवण इतकी मुरली होती, की रविवारी उपासनेला पुढचे चार बाक कायम रिकामे राहत. पुढे बसणं म्हणजे मोठेपणा मिरवणं. म्हणून सगळी नम्र माणसं मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसत. त्यातही भिंतीकडचा, पंख्याखालचा बाक सर्वांत नम्र माणसांचा होता. तो मिळावा म्हणून लोक अर्धा तास आधी येऊन त्यावर रुमाल टाकून ठेवत.

अपवाद एकच: पुढच्या बाकावर एकट्या सांत्वनाबाई ढोके बसत. त्यांचा उजवा गुडघा झिजला होता आणि पाय लांब करायला जागा लागे. त्यांचा हा मोठेपणा मंडळीनं उदार मनानं चालवून घेतला होता.

सांत्वना हे नाव ठेवताना वडिलांनी मुलीला काही विचारलं नव्हतं. अकोटला मिशनच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. त्यांचा धाकटा भाऊ जिनिंग फॅक्टरीत गाठी उचलायचा. थोरल्यानं बाप्तिस्मा घेतला, धाकट्यानं छप्पन साली नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली. दोन घरांत भिंत एकच. अलीकडे रविवारी गीतं, पलीकडे पौर्णिमेला वंदना. आणि दोन्हीकडच्या पोरी दुपारी एकाच परातीत जेवायच्या. पलीकडची पोरगी म्हणजे माया, सांत्वनाची चुलत बहीण, वयानं दहा महिन्यांनी लहान आणि तोंडानं दहा वर्षांनी मोठी.

रविवारच्या शाळेत नाताळाला केक वाटला जाई. लहान तुकडा आपण उचलावा आणि मोठा दुसऱ्याला ठेवावा असं बाई शिकवत. शिकवण सगळ्याच मुलांच्या कानावर पडली, पण मनावर घेतली ती एका सांत्वनानं. तिनं लहान तुकडा उचलला की मोठा कोणाला तरी मिळे, आणि ज्याला मिळे तो भरल्या तोंडानं तिची स्तुती करी. ही व्यवस्था सर्वांना फार आवडली. पुढे साठ वर्षं ती तशीच चालू राहिली.

नर्सिंगचं शिक्षण झाल्यावर सांत्वनाबाईंनी चौतीस वर्षं सरकारी उपकेंद्रांवर काढली. धारणीकडच्या पाड्यांवर, मग चांदूर बाजारकडे, शेवटी अमरावतीजवळ. लग्न मोतीराम ढोके यांच्याशी झालं. ते एसटीच्या डेपोत मेकॅनिक. भला माणूस. मोठा तुकडा त्यांना मिळे, पण निदान अर्धा परत तिच्या ताटात टाकायची त्यांना सवय होती. ते जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगी प्राजक्ता नाशिकला असते, रविवारी फोन करते आणि "आई, तू स्वतःकडे बघ," असं सांगून मग स्वतःच्या घरच्या अडचणी सांगते.

निवृत्त झाल्यावर बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही केलं. शेगाव नाक्याकडच्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात आतल्या खोलीला लागून संडास-बाथरूम बांधलं आणि त्यात कमोड बसवला, कारण गुडघा वाकत नव्हता. उंच लोखंडी पलंग घेतला, कारण खाली बसलं की उठता येत नव्हतं. खिडकीला कूलर लावला, कारण अमरावतीचा उन्हाळा.

पलंग, कूलर आणि कमोड. या तीन वस्तू एका छपराखाली आहेत ही बातमी मंडळीत पोचायला एक रविवार पुरला.

झालं असं, की बाहेरगावचे वक्ते आले की ते मंडळीतल्याच कुटुंबांकडे उतरत. जुनी रीत. सभागृहातल्या फळ्यावर सेक्रेटरी जीवनराव खडूनं पाळी लिहीत: या महिन्यात अमुक कुटुंब, पुढच्या महिन्यात तमुक. पाहुणचाराला मंडळीत ओझं म्हणत नसत, आशीर्वाद म्हणत. आणि आशीर्वाद असला की शिकवणीप्रमाणे तो आधी दुसऱ्याला द्यायला हवा.

पहिल्यांदा ही गोष्ट जीवनरावांची पत्नी रागिणीबाई यांच्या लक्षात आली.

"पाळी आमची आहे खरी," त्या भगिनी मंडळाच्या बैठकीत डोळे मिटून म्हणाल्या, "पण मनात आलं, आपण किती आशीर्वाद एकट्यानं घ्यायचे? सांत्वनाबाई बिचाऱ्या एकट्या. त्यांना नको का मिळायला?"

"आमेन," बाकीच्या म्हणाल्या, आणि प्रत्येकीच्या चेहऱ्यावर काहीतरी नवीन उमगल्याचं तेज आलं.

त्या दिवसापासून मंडळी दर खेपेला सांत्वनाबाईंना स्वतःआधी ठेवू लागली. फळ्यावर नाव कोणाचंही असो, पाहुण्याची बॅग शेगाव नाक्याकडे निघे. एक वक्ते उपासाच्या महत्त्वावर बोलायला आले होते, त्यांना दोन्ही वेळेला मटण लागे. दुसरे मौनावर बोलत, आणि जेवताना, जेवणाआधी आणि जेवणानंतरही बोलत. पाहुणे पलंगावर झोपत. सांत्वनाबाई बाहेरच्या खोलीत सतरंजीवर. आतला संडास पाहुण्यांच्या ताब्यात गेला की बाई शेजारच्या जमुनाकाकूंकडे जात, तिथे जुन्या पद्धतीच्या संडासात बसत, आणि उठताना नळाला धरून प्रभूचं नाव घेत. बाईंची सर्वांत तळमळीची प्रार्थना तिथेच होई.

"काहून करता वो बाई एवढं?" जमुनाकाकू विचारत. "तुमच्या पावण्याले हात नाहीत का पाय नाहीत?"

"सेवा आहे हो," बाई म्हणत.

खरं सांगायचं तर बाईंना ते थोडं आवडतही होतं. दोन वर्षांपूर्वी वार्षिक सभेत त्यांना शाल देऊन 'सेवाभावी भगिनी' म्हणून गौरवलं होतं. शाल लोकरीची होती आणि महिना मेचा, पण टाळ्या मनापासूनच्या होत्या. त्या टाळ्यांत प्रत्येकाची पाहुणचाराची एकेक टाळलेली पाळी वाजत होती, हे बाईंना तेव्हा ऐकू आलं नाही.

मार्च महिन्यात अकोटला माया पडली.

नळावरून पाणी आणताना घराच्या पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. मायाचा नवरा वारलेला, मूलबाळ नाही. उमेद होती तोवर तिनं जिनिंगमध्ये सरकी वेचली. आता निराधार योजनेवर आणि शेजाऱ्यांच्या जिवावर होती. शेजाऱ्यांनीच तिला अमरावतीच्या हॉस्पिटलात आणून घातलं. ऑपरेशन झालं. सांधा बदलला. सुट्टी देण्याआधी डॉक्टरांनी दोघी बहिणींना समोर बसवून सांगितलं, "सहा आठवडे उकिडवं बसायचं नाही. जमिनीवर बसायचं नाही. संडासला कमोडच हवा. उंच पलंग हवा. कोणीतरी चोवीस तास जवळ हवं. एकदा जरी खाली बसल्या तरी सांधा निसटेल. आणि या वयात पुन्हा उघडलं, तर चालता येईलच असं मी सांगत नाही."

अकोटला मायाची एक खोली. संडास बाहेर, गल्लीत, तीन पायऱ्या उतरून.

"माझ्याकडे," सांत्वनाबाई म्हणाल्या. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. गुरुवारी दुपारी सुट्टी मिळणार होती. बाईंनी पलंगावरची चादर बदलली, संडासात धरायला दांडी ठोकून घेतली, आणि रविवारी हलक्या मनानं उपासनेला गेल्या.

शेवटी सूचना वाचताना जीवनराव उभे राहिले. "येत्या गुरुवारपासून आठ दिवस आपल्या संजीवन सभा. वक्ते नागपूरचे बंधू गोपाल. विषय आहे 'आपल्याआधी दुसरा'. बंधूंच्या पाहुणचाराची पाळी फळ्यावर..." इथे त्यांनी चष्मा वर केला आणि जरा हसले, "आमच्याच कुटुंबाची आहे. पण विषयच असा आहे, बंधुभगिनींनो, की हा मान आम्ही घेतला तर बंधू काय म्हणतील! रागिणी म्हणाली, आपण मागे राहू. सांत्वनाबाईंना पुढे करू."

"आमेन," मागच्या बाकांवरून आलं. पंख्याखालून जरा मोठ्यानं आलं.

सांत्वनाबाईंनी तोंड उघडलं. साठ वर्षं 'हो' म्हणायची सवय असलेल्या घशातून आवाज फुटायच्या आत आशीर्वचन झालं आणि लोक चपला शोधायला लागले.

सांत्वनाबाई मंडळीच्या पाळकसाहेबांच्या मागे त्यांच्या खोलीत गेल्या.

"सलाम, पाळकसाहेब. या वेळी मला जमणार नाही. माझी बहीण येतेय गुरुवारी. खुब्याचं ऑपरेशन झालंय."

"अरेरे," पाळकसाहेब म्हणाले. माणूस मुळात वाईट नव्हता. फक्त ज्याच्याकडून नकार येण्याची शक्यता कमी त्याच्याकडेच मागायचं, हे शहाणपण त्यांना पाळकी करता करता आलं होतं. "पण बाई, आठच दिवसांचा प्रश्न आहे. हॉस्पिटलात नाही का ठेवता येणार तोवर?"

"तिथे खाट रिकामी करून मागताहेत."

"बंधूंनाही गुडघ्याचा त्रास आहे हो. कमोड लागतो त्यांना."

"जीवनरावांकडे दोन आहेत."

पाळकसाहेबांनी ही माहिती आपण ऐकली नाही असा चेहरा केला. "तुमच्या भगिनी... मंडळीतल्या नाहीत ना?"

"बौद्ध आहे ती. माझ्या काकांची मुलगी."

"तेच म्हणतोय मी. घरचं ते घरचंच. प्रभूचं काम आधी. तुम्ही तर आम्हांला हे शिकवलंत बाई! स्वतःचं, स्वतःच्या माणसांचं मागे ठेवायचं. प्रार्थना करा. मार्ग निघेल."

बाईंनी प्रार्थना केली. सोमवारीही केली. पण त्यांना दर वेळी पाळकसाहेबांचंच वाक्य ऐकू येत राहिलं, आणि आपल्या बहिणीसाठी पलंग हवा म्हणणं हा आपला स्वार्थ तर नाही ना, या शंकेनं त्या बेजार झाल्या. चांगुलपणाची एकदा सवय लागली की माणूस सरळ गोष्टीचंही असं वाटोळं करतो. मंगळवारी त्या हॉस्पिटलात गेल्या, खाटेच्या कडेला बसल्या आणि चाचरत म्हणाल्या, "माया, एक आठवडा कुठं सोय होईन का वं तुही? मंडळीचे पावणे येऊन राहिले घरी. मंग मी लगेच येतो तुले न्याले."

मायानं एक क्षणही घेतला नाही.

"त्याच्यात काय मोठं? मी जातो अकोटले. आपला बंडू आहे ना जीपवाला, परतवाड्यावरून घेऊन जाईन मले. तुह्या पावण्याले पयले जागा दे बाप्पा. मी काय, पडून राहीन कुठंबी."

"संडासले कशी जाशीन?"

"जाईन हळूहळू. भिंतीले धरून बसतो नं मी. माह्यापायी कावून कोनाले तरास?"

आणि हे बोलताना माया हसली. गोड, समजूतदार, स्वतःवर खूष असलेलं हसू. ते सांत्वनाबाईंच्या चांगलं ओळखीचं होतं. वार्षिक सभेच्या फोटोत शाल पांघरून त्या स्वतः असंच हसल्या होत्या.

नर्स म्हणून त्यांनी चौतीस वर्षं अशाच बाया पाहिल्या होत्या. बाळंत होऊन दुसऱ्या दिवशी डोक्यावर हंडा घेणाऱ्या, कारण घरच्यांचा स्वयंपाक आधी. तापानं फणफणत असताना सासऱ्याला औषध द्यायला उठणाऱ्या, कारण म्हातारा माणूस आधी. 'माह्यापायी कोनाले तरास' हे त्यांचं सगळ्यांचं एकच वाक्य. त्यांतल्या काहींना बाईंनी वेळेवर गाठलं होतं. काहींकडे पोचेपर्यंत घरात रडणं सुरू झालं होतं, आणि रडणारे सगळे पोटभर जेवलेले होते.

तिसऱ्या दिवशी ही बसेल, बाईंना स्पष्ट दिसलं. गल्लीत, पायऱ्या उतरून, भिंतीला धरून. बसेल ती पुन्हा उठायची नाही.

"गप पड," सांत्वनाबाई म्हणाल्या.

"काय?"

"गप पड म्हनलं. अकोटचं नाव काढलं तर दुसरा पायही मीच मोडीन तुहा. गुरुवारी माह्या घरी चालाचं."

"अन् पावने?"

"पावन्याले घर हाय."

मायानं तिच्याकडे नीट पाहिलं. "तुले राग येते वं?" ती म्हणाली. "मले वाटलं तुमच्यात मना असते."

त्या संध्याकाळी बाईंनी रागिणीबाईंना फोन केला आणि स्वच्छ शब्दांत सांगितलं की या वेळी पाहुणा आपल्याकडे उतरणार नाही. पण आयुष्यात कधी नाही न म्हटलेल्या माणसाची एक अडचण असते. तो नाही म्हणाला तरी लोकांना ते कळत नाही.

"काय हे बाई, तुमची नम्रता!" रागिणीबाई खळखळून हसल्या. "आधी नाही म्हणायचं आणि मग पंचपक्वान्नं करायची. ओळखते हं मी तुम्हांला. बरं, बंधूंना तिखट चालत नाही. आणि सकाळी दोन अंडी, उकडलेली."

"रागिणीबाई, मी खरंच सांगतेय. माझी बहीण..."

"हो हो, तीही भेटेल ना बंधूंना! किती चांगलं! ठेवते."

गुरुवारी दुपारी माया आली. चार माणसांनी तिला उचलून पलंगावर ठेवलं. जमुनाकाकू वरण-भात घेऊन आल्या. मायानं भात बघितला आणि म्हणाली, "भाकर नाही का?"

पाच वाजता दारात गाडी थांबली. जीवनराव उतरले, त्यांच्यामागे पन्नाशीचे, स्थूल, घामाघूम झालेले बंधू गोपाल, आणि त्यांच्यामागे दोन मोठ्या बॅगा. जीवनराव सवयीनं सरळ आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेले, आणि तिथे पलंगावर पाय पसरून पडलेल्या मायानं त्यांना विचारलं, "कोन पायजे?"

जीवनराव बाहेर आले. "बाई, या अजून इथेच?"

"सहा आठवडे इथेच."

"पण बंधू..." त्यांनी आवाज खाली आणला. खोली दहा बाय दहाची होती. खाली आणलेला आवाजही सगळ्यांना ऐकू जात होता. "असं करू. यांची सोय बाहेरच्या खोलीत करू. सतरंजी टाकू. आठ दिवस तर..."

"तिला खाली बसायचं नाही."

"मग मंडळीत ठरलं त्याचं काय? हा आशीर्वाद तुम्हांला दिला आम्ही. स्वतः मागे राहून दिला."

सांत्वनाबाईंनी पदर खोचला. त्यांचा आवाज आला तो बाळंतिणीच्या खोलीतून नातेवाइकांना बाहेर काढतानाचा, चौतीस वर्षांचा सराव असलेला.

"जीवनराव, बसा. तुमचं बरोबर आहे. इतकी वर्षं तुमचे आशीर्वाद मीच घेत आले. तुमचे, पाळकसाहेबांचे, सगळ्यांचे. एकीनंच सगळं लाटायचं हा केवढा स्वार्थ! माझ्या लक्षातच आलं नाही. रागिणीबाईंच्या वाट्याला एकही आला नाही बिचाऱ्यांच्या. आज मी मागे राहते. आज तुम्ही आधी."

मंडळीच्या भाषेत या वाक्याला उत्तर नव्हतं. जीवनरावांनी शेवटी साध्या मराठीचा आधार घेतला. "आमच्याकडे रंगकाम चालू आहे हो."

"किती छान," दारातून बंधू गोपाल म्हणाले. "मला रंगाचा वास फार आवडतो."

जीवनरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते थट्टा करताहेत की काय हे त्यांना ठरवता येईना. बंधूंनाही बहुधा ते ठरवता आलं नव्हतं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. आठ दिवस ज्या विषयावर बोलायचं तो विषय असा आपल्या बॅगेच्या आड येऊन उभा राहील याची त्यांनी टिपणं काढताना कल्पना केली नसावी.

"जाण्याआधी आपल्या भगिनीसाठी प्रार्थना करू का?" ते आतल्या दारापाशी जाऊन अवघडून म्हणाले.

"करा ना बाप्पा," माया आतून म्हणाली. "पन जराशी लहान करा. मले संडासले जायचं हाय."

बंधूंनी चार शब्दांची प्रार्थना केली. त्यांच्या ओळखीच्यांना विचारलं तर ती त्यांची आजवरची सर्वांत लहान आणि बहुधा सर्वांत मनापासूनची प्रार्थना ठरेल. मग त्यांनी वाटेतली खुर्ची स्वतः उचलून बाजूला ठेवली, वॉकर पलंगाजवळ सरकवला आणि बाहेर गेले. गाडी निघाली. बॅगा जीवनरावांनी स्वतः उचलल्या.

मंडळीत यावर फार चर्चा झाली. बाई बदलल्या, असं ठरलं. विश्वासात थंड पडल्या. वय झालं की होतं असं. आठ दिवस बंधू गोपाल यांनी 'आपल्याआधी दुसरा' या विषयावर उत्तम व्याख्यानं दिली आणि लोकांनी ती मागच्या बाकांवरून मन लावून ऐकली. शेवटच्या दिवशी बंधूंनी म्हणे विचारलं, की मंडळीतल्या कोणी त्या खुब्याच्या पेशंटला भेटायला गेलं होतं का. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येकानं दुसऱ्याला आधी जाऊ दिलं होतं.

बंधू स्वतः आले, नागपूरला निघण्यापूर्वी, रिक्षानं, संत्री घेऊन. सांत्वनाबाई चहा करत होत्या तोवर ते खुर्चीवर बसून मायाला संत्रं सोलून देत होते.

"बिया काढाल का?" माया म्हणाली.

त्यांनी बिया काढल्या. "जीवनरावांकडे फार चांगली सोय होती," ते बाईंना म्हणाले. "फक्त रागिणीबाई रोज सकाळी सांगत, की सांत्वनाबाईंकडे तुम्हांला किती बरं वाटलं असतं." थोडं थांबून म्हणाले, "मी किती घरांत उतरलो असेन, बाई. कोण कुठं झोपलं, हे मी कधी विचारलं नाही."

"साखर किती?" बाईंनी विचारलं.

त्यानंतरच्या पाच आठवड्यांत टाळ्या वाजवण्यासारखं काही घडलं नाही. मायाला उठवणं, धरून नेणं, धुणं, पुसणं, परत आणणं. भाजीत मीठ कमी, भाकर जाड, पंखा फार जोरात. माया आभार मानत नसे. तिच्या माहेरी ती पद्धतच नव्हती. सांत्वनाबाईंचा गुडघा संध्याकाळी तांब्याएवढा सुजे. एकदा चिडून त्या म्हणाल्या, "दिवसभर तुहीच चाकरी करून राहिलो मी," आणि माया म्हणाली, "मंग चांगली तरी कर." पाहुण्यांशी बाई कधी अशा भांडल्या नव्हत्या. पाहुण्यांचं काही केलं की वर बघून हिशेब सांगता येई. इथे वर बघायला वेळच मिळत नव्हता. कधी कधी त्यांना त्या टाळ्यांची आठवणही येई, आणि आठवण आली याची लाज वाटे. पण माया रोज दोन पावलं जास्त टाकत होती. एका सकाळी ती वॉकर घेऊन एकटीच स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "चहात आलं टाकलं का?" बाईंनी आल्याकडे पाहिलं, मग मायाच्या पायांकडे, आणि गॅस बारीक करायचा राहून चहा उतू गेला.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडाला धरला. सांधा जागेवर होता.

"राहा इथंच," बाई रिक्षात म्हणाल्या. "मले सोबत होईन."

"नाही वं. माहं घर हाय तिथं. विहार हाय. बाया हायेत. तू मले चालती केली, आता चालू दे."

सर्जिकलच्या दुकानातून बाईंनी खाली भांडं असलेली कमोडची खुर्ची घेतली, आणि बंडूच्या जीपमध्ये ती खुर्ची, वॉकर, माया आणि स्वतः अशा बसून परतवाड्यावरून अकोटला गेल्या. चार दिवस राहून सगळं लावून द्यायचं ठरवलं होतं. उपासना बुडणार होती.

मायाच्या दारात गल्ली जमली. पायरीपाशी बायांनी तिला दोन्हीकडून धरलं. आत एक खाट होती, आणि खाटेवर माया बसली. बाकी खोलीत जमीन. आलेल्या बाया जमिनीवर बसल्या आणि उभ्या राहिल्या त्या एकट्या सांत्वनाबाई, गुडघ्यावर हात ठेवून.

"बस ना," माया म्हणाली.

"मले खाली नाही बसता येत."

मायानं खोलीभर नजर फिरवली. घरात खुर्ची एकच होती. कोपऱ्यात, नवी, प्लास्टिकच्या वेष्टनात, झाकण बंद.

"तिच्यावर बस."

"अवं, ती तुही..."

"नवी हाय. पावनी तू हायेस, पयले तू बस."

सांत्वनाबाईंनी सवयीनं नको म्हणण्यासाठी मान हलवली. मग गुडघा कळवळला. शेजारच्या बायांनी ती खुर्ची खोलीच्या मधोमध आणून ठेवली, वरची धूळ पदरानं पुसली, आणि सगळ्यांच्या देखत बाई तिच्यावर बसल्या. आधी माया हसली. मग गल्लीतल्या सगळ्या बाया. बाईंनी पदर तोंडाला लावला, पण खांदे हलायचे थांबेनात.

कोणीतरी चहा आणला. पहिला कप त्यांच्याकडे आला. त्यांनी तो घेतला.